बासष्टावी मंडई

माझे काका चैतराम कापगते मोबाइलवर रिचार्ज मारायचे तो नेहमी अठ्ठावीस दिवसांचाच. चौऱ्याऐंशी दिवसांचा स्वस्त पडतो आणि वर्षाचा त्याहून स्वस्त, हे गावातल्या मोबाइलवाल्या ओमेशने त्यांना निदान चाळीस वेळा समजावलं असेल. काकांचं उत्तर ठरलेलं असायचं. "बाकीचे दिस त्या फोनवर कोन बोलल, तू?" मग ओमेश मुकाट्याने अठ्ठावीस दिवसांचा मारून द्यायचा.

याचं कारण असं, की आमच्या घराण्यातल्या एकाही पुरुषाने आपली बासष्टावी मंडई पाहिलेली नाही. भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. मिठाईची दुकानं लागतात, आकाशपाळणा येतो, दंडार, म्हणजे आमचं नाचगाण्याचं लोकनाट्य, रंगते, आणि घरी पाहुणे इतके येतात की घरधन्यालाच टेकायला जागा उरत नाही. कवठीटोल्यात, म्हणजे इटियाडोह धरणाच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात, जुनी माणसं वय मंडयांवर मोजतात. आईच्या कडेवर बसून पाहिलेली मंडई पहिली, आणि तिथून पुढे मोजत जायचं. पणजोबा उमराव साठ मंडया पाहून गेले. आजोबा छोटेलाल एकसष्ट. त्यांचा धाकटा भाऊ कैलाश एकोणसाठ. माझे वडील खेमराज, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, अठ्ठावन्न.

आणि बाया? पणजी ब्याण्णव. आजोबांची बहीण चौऱ्याण्णव, तीही शेवटच्या वर्षापर्यंत दाताने सुपारी फोडत होती. माझी आजी सुभद्राबाई आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे आणि शेजारणीशी भांडायला दोन घरं ओलांडून पायी जाते. कापगत्यांच्या घरी यम येतो तो फक्त पुरुषांची यादी घेऊन, असं गावात म्हणायचे. काकांचा त्यावर वेदवाक्यासारखा विश्वास होता. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जुलै एकोणीसशे चौसष्ट, म्हणजे यंदाची, दोन हजार पंचवीसची मंडई बरोब्बर बासष्टावी.

या मंडईची तयारी काका दहा वर्षांपासून करत होते. नवी चप्पल घ्यायची नाही, जुनीलाच तळ लावायचा. दोन वर्षांच्या गॅरंटीचा बल्ब दुकानदाराने दिला तर "बिनागॅरंटीचा दे" म्हणून भांडायचं. कोणी आंब्याचं कलम दिलं, तर चार वर्षांनी आंबे कोण खाणार म्हणून ते शेजाऱ्याच्या कुंपणात लावून आले. त्या कलमाला आता आंबे लागतात आणि शेजारी ते आम्हालाच आणून देतो. वर अर्जुनीच्या स्टुडिओत जाऊन काकांनी स्वतःचा मोठा फोटो काढून घेतला, फ्रेम केली आणि भिंतीवर टांगली. हाराला जागा राहावी म्हणून खिळा जरा वरच ठोकला. आजी रोज त्या काचेवर फडकं मारायची आणि बडबडायची, "हा त समोर बसून भात खाऊन राहिला. मंग मी याचा फोटो कायले पुसून राहिली?"

माणूस रडका होता असं मात्र समजू नका. मरणाची तारीख ठाऊक असलेला माणूस किती मजेत जगतो ते आमच्या काकांकडे पाहावं. दंडारीत ते जोकर व्हायचे आणि गावच्या सरपंचाची अशी नक्कल करायचे की सरपंच स्वतः बक्षीस द्यायचा. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांच्या कुळातले. गावच्या तलावाचं पाणी सोडायचं जे दार असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. ते उघडण्याचं आणि प्रत्येकाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पाळीपाळीने पाणी पोचवण्याचं काम गावाने काकांवर सोपवलेलं. पाण्यावरून सख्खे भाऊ एकमेकांवर फावडी उगारतात, पण काकांनी पाळी लावली की सगळे ऐकायचे. जो दोन वर्षांत जाणार त्याला कोणाची बाजू घेऊन काय करायचं आहे, असा गावाचा हिशेब.

काका बाजू घ्यायचे, पण एकाच बाईची. आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं.

दुर्गाबाईंची बांधी पाटाच्या अगदी शेवटी. शेवटच्या बांधीला पाणी शेवटी पोचणार, हा जगाचा न्याय. पण काकांच्या राज्यात दुर्गाबाईंची बांधी सगळ्यात आधी भरायची, आणि कोणी विचारलं तर काका म्हणायचे, "पाण्याले उतार तिकडंच आहे, मी का करू?" दुर्गाबाई सत्तावन्नच्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी बालाघाटला दिलेली. मंडईत त्या लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचं दुकान लावतात आणि त्या वड्यांसाठी लोक चार गावं ओलांडून येतात. आमची काकी जाऊनही अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात काका, आजी आणि तो भिंतीवरचा फोटो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आजीनेच बोलणं काढलं. आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईचं दुसरं लग्न लावतात त्याला पाट म्हणतात, त्यात काही लपवाछपवी नसते. आजी सरळ दुर्गाबाईंच्या अंगणात जाऊन बसली आणि म्हणाली, "माह्या पोराशी पाट लावतं का?" दुर्गाबाईंनी वडे तळता तळता हो म्हटलं. अडलं ते इकडे. काका म्हणाले, "तिनं एकदा कुंकू पुसलं. मी दोन मयन्यात मरून तिले दुसऱ्यांदा पुसाले लावू? मंडई होऊ द्या. मंडई पाहून जित्ता राहिलो त मंग बोलू."

दुर्गाबाईंना निरोप पोचला. त्यांचा उलटा निरोप आला, "मंडईच्या दिवशी माह्या दुकानावर या. त्या दिवशी नाही आले त मंग कवाच नोका येऊ." असा हा मामला होता. अख्खं गाव मंडईकडे डोळे लावून बसलं होतं आणि मध्ये मी टपकलो.

मी अश्विन. गोंदियाला कुडव्यात राहतो आणि जीवन विमा विकतो. लोकांना मरणाची भीती घालून फॉर्मवर सही घेतो, पण माझा स्वतःचा विमा मात्र नव्हता. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, वडील हयात की मृत, मृत असल्यास वय व कारण. त्या रकान्यापाशी माझा हात थांबायचा. चौतीस वर्षांचा झालो तरी थांबायचा. शेवटी माझी बायको मोनाली, जी सरकारी उपकेंद्रात नर्स आहे, तिने मला दसऱ्यानंतरच्या रविवारी गाडीवर बसवलं. अडीच तासांत आम्ही कवठीटोल्याला, आजीसमोर. मोनाली म्हणाली, "चला, तुमच्या घरचे पुरुष कशाने गेले ते एकदा आजींना विचारा आणि फॉर्म भरा. नाही तर मी भरते."

अंगणात बाजेवर आजी लसूण सोलत बसली होती. काका जमिनीवर बसून विळ्याला धार लावत होते. फॉर्ममध्ये फक्त वडिलांचं विचारतात, पण आजी एकदा सुरू झाली की पणजोबांपासून सुरू होते.

"उमरावबा? ते सापानं गेले."

मोनालीने पेन थांबवलं. "सापानं? घराण्याच्या शापानं नाही?"

"तुडमात काहीतं अटकलं होतं. सारे म्हणे बांबू घाला. यायनं हात घातला."

"आणि आजोबा?"

आजी लाजली. पंच्याऐंशी ओलांडल्यावरही नवऱ्याच्या नावाने लाजली आणि मग हसायला लागली. "जांभळीवर चढले होते. साठीच्या वरचा मानूस. मी मनलं, तुमच्यानं होत नाही. मंग का, चढले. जांभळं बी तोडले. उतरतांनी गेले."

"कैलाश आजोबा?"

"फटफटीवर. ट्रकच्या पुढं जाऊन राहिले होते. ट्रकवाला सोडून नव्हता राहिला."

मोनालीने फॉर्म बाजूला ठेवला आणि आम्हा दोघा पुरुषांकडे असं पाहिलं, की माझी मान आपोआप खाली गेली. "साप, झाड, ट्रक," ती एकेक बोट दुमडत म्हणाली. "यात घराण्याचा दोष कुठे आला? त्या सापाला काय माहीत, की हा हात कापगत्यांचा आहे? भोकात हात घालायला तुम्हाला सांगतं कोण?"

"बांबू नव्हता असल," काका पुटपुटले.

"बांबू होता," आजी म्हणाली.

राहिले माझे बाबा. ते सांगायला आजीची गरज नव्हती. बाबांना ब्लड प्रेशर होतं. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली होती. आई रोज विचारायची, गोळी घेतली का, आणि बाबा रोज घेतली म्हणायचे. बरं वाटत असताना गोळी कशाला खायची, असं त्यांचं मत. एका सकाळी ते दात घासता घासता बसले ते उठलेच नाहीत. वर्षाने तुळशीची कुंडी बदलताना मातीतून मूठभर गोळ्या निघाल्या, अर्ध्या विरघळलेल्या. मी तेव्हा त्या गोळ्या हातात घेऊन अंगणात उभा राहिलो होतो आणि मला बाबांचा इतका राग आला होता, की रडायलाही सुचलं नाही. ती तुळस अजून टवटवीत आहे.

"हे एक मात्र रक्तातलं," मोनाली आता हळू बोलली. "दाब घराण्यात उतरतो. तो शाप नाही, त्याला गोळी आहे." मग तिने आमचा वर्गच घेतला. आई-बापाकडून आयुष्य किती येतं, यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही, कोणी पाव हिस्सा म्हणतं, कोणी अर्धा. उरलेलं आपल्या खाण्यापिण्याचं, वागण्याचं आणि नशिबाचं. आणि बाया जास्त जगतात ते काही कापगत्यांच्याच घरी नाही, जवळपास सगळ्या जगात जगतात. "आणि आजी, तुम्ही तर या घरच्या नाहीतच. लग्न होऊन आल्या. पणजीही बाहेरून आलेल्या. घरची म्हणावी तर एक आजोबांची बहीण. मग या घरच्या बाया लांब जगतात म्हणजे काय?"

आजीच्या हातातला लसूण थांबला. सत्तर वर्षांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. "बाया मंग काऊन जगते?" तिने विचारलं.

"बऱ्याच गोष्टी आहेत. एक तर तुम्ही झाडावर चढत नाही. बायकांच्या शरीरातला एक रस तरुणपणी हृदय सांभाळतो. आणि अजून एक." मोनालीने दोन बोटं वर केली. "प्रत्येकाच्या शरीरात घडणीचे कागद असतात, जोडीजोडीने. त्यातल्या एका जोडीत बाईजवळ दोन सारखे असतात, त्यांना एक्स म्हणतात. एकात खोट निघाली तर दुसरा काम धकवतो. पुरुषाजवळ एक्स एकच. जोडीला वाय असतो, पण तो एवढुसा. एक्स बिघडला तर त्याच्या बदली घालायला काही नाही."

"मंजे बाईपाशी स्टेपनी आहे," काका म्हणाले. तुडमाचं काम घेण्याआधी ते दहा वर्षं ट्रॅक्टर चालवायचे. "आन् आमी बिना स्टेपनीचे."

"अगदी तसं."

"आन् याचा तो एक कोनाकडचा?" आजीने विळ्यासकट बसलेल्या काकांकडे बोट दाखवलं.

"मुलाचा एक्स आईचाच असतो, आजी. बापाकडून त्याला वाय येतो."

आजीने लसणाची परडी खाली ठेवली आणि पदर सावरून ताठ बसली. "मंजे सामान माह्या हातचं आहे," ती म्हणाली. "मंग टिकते." मोनालीने लगेच सांगितलं, की तसं नसतं, एका एक्सवर नव्वदीची हमी मिळत नाही. पण तिचं कोणी ऐकलं नाही.

फॉर्मवरचा वडिलांचा रकाना अजून रिकामाच होता. चुलत्यांचं फॉर्ममध्ये विचारत नाहीत, पण आजी म्हणाली याचंही लिही. मी लिहायला घेतलं, चैतराम, जन्म चौसष्ट.

"चौसष्ट कायले?" आजी म्हणाली. "हा त जग बुडाचं होतं त्या साली झाला."

आम्ही सगळे तिच्याकडे पाहायला लागलो.

"आठ गिऱ्हे एका जागी आले होते ना. सारे म्हणे जग बुडते. देवळात भजनं चालू. लोकायनं घरातला गूळ सुद्धा खाऊन टाकला, उरून का करल म्हणून. आन् मी खोलीत, हा तीन दिवसांचा, माह्याजवळ. मी मनलं, आता त झाला, आता कायले बुडते?"

मोनालीने मोबाइल काढला. शोधायला एक मिनिटही लागलं नाही. अष्टग्रही, फेब्रुवारी एकोणीसशे बासष्ट. "पण दाखल्यावर तर चौसष्ट आहे," मी म्हणालो.

"तो गुरुजीचा इचार," आजी म्हणाली. "तवा वय कोन पाहे? हात डोक्यावरून दुसऱ्या कानाले लावा लागे. कान धरता आला त पोरगा सहा वर्साचा, नाही आला त घरी जा. याचा हात पुरेच ना. पयल्या वर्सी नेला, परत पाठवला. दुसऱ्या वर्सी नेला, परत पाठवला. तिसऱ्या वर्सी मान वाकडी करून लावला, तवा घेतला. आन् सहाचा म्हणून लिवला."

"हात काऊन नव्हता पुरत?" काकांचा आवाज आता बदलला होता.

आजीने आपला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे नेला. बोटं कानाच्या वर दोन इंचांवर थांबली. "माहा आजबी नाही पुरत," ती म्हणाली. काकांनी विळा खाली ठेवला आणि स्वतःचा हात डोक्यावरून नेला. तोही तिथेच थांबला, त्याच दोन इंचांवर. मायलेक एकमेकांसमोर हात डोक्यावर घेऊन बसले होते आणि मोनाली हसून हसून बाजेवर आडवी झाली.

मी बोटांवर मोजलं. बासष्टच्या दिवाळीनंतरची मंडई पहिली. म्हणजे काकांची बासष्टावी मंडई दोन हजार तेवीसला होऊन गेली. त्या मंडईत काका सरपंचाची नक्कल करून नाचले होते, पाच वडे खाल्ले होते आणि पाळण्यात बसून ओकले होते. मागच्या वर्षी त्रेसष्टावीही झाली. ज्या रेषेच्या धाकाने माणसाने दहा वर्षं चप्पल घेतली नाही, ती रेषा तो दोन वर्षांपूर्वी नाचत ओलांडून आला होता. मी ओरडून हे सांगितलं. मला वाटलं, काका आता उडी मारतील.

काका पांढरेफटक पडले. "मंग त मी कवाचाच मराले पायजे होतो," ते म्हणाले. "मी दोन वर्सापासून बिना तिकिटाचा बसून राहिलो. टीसी आता कवाबी येल." आणि ते उठून खोलीत गेले आणि आपल्याच फोटोखाली खाट टाकून झोपले. अशा माणसापुढे शास्त्र तरी काय करणार?

मोनाली पिशवीतलं दाब मोजायचं यंत्र घेऊन मागोमाग गेली आणि काकांच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे सत्तरवर एकशे चार. ती हसायची थांबली. पुन्हा मोजलं, तेवढंच. बाबांचाही एवढाच असायचा, हे मला आठवलं. मोनालीने सांगितलं, उद्या केंद्रात चला, डॉक्टर गोळी देतील, रोज घ्यायची. काकांनी कुशी बदलली. "चार दिसासाठी गोळी कायले? आन् मंडईले मी येत नाही. दुर्गाले सांगजो. तिले कायले फसवाचं?"

मी भडकलो. मोठ्यांपुढे आवाज चढवायचा नसतो, पण चढला. "तुम्ही बाबांसारखेच करून राहिले!" म्हणालो, आणि पुढचं बोलता आलं नाही म्हणून बाहेर आलो. आजी दारात उभी होती. ती आत गेली, मुलाच्या खाटेपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "माय जित्ती असून मरून राहिला, सरम नाही वाटत?" त्यावरही काका उठले नाहीत.

आजी मग सरळ चालत निघाली. आम्हाला वाटलं शेजारणीशी भांडायला. अर्ध्या तासाने ती दुर्गाबाईंना घेऊन आली. त्यांच्या हाताला वाटलेली डाळ होती. त्या खोलीच्या उंबरठ्यावरच थांबल्या, आत आल्या नाहीत. त्यांनी एकदा भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, एकदा खाली खाटेकडे.

"दोघंबी एकसारखेच दिसून राहिले," त्या म्हणाल्या.

काकांनी चादर तोंडावर ओढली.

"आवंदा तलाव अर्धाच भरला होता," दुर्गाबाई म्हणाल्या. "सारे म्हणे धानाचा रोवणा नोका करू. तुमी का मनले? आहे तेवढ्यात पिकवू. पिकला ना धान? मंग सोताच्या बारीत तुडूम बंद करून काऊन बसले?"

चादरीबाहेर राहिलेले पायही काकांनी आत ओढून घेतले.

"मले भेव नोका दाखवू. माहा नवरा गेला तवा मी मेली नाही. तुमी गेले तरी मरणार नाही. मी नव्वदीले जाणारी बाई आहे, स्टेपनीवाली, आताच बुडीनं सांगतलं." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मेल्याचं दुख मले माहीत आहे जी, ते सरते. मानूस जित्ता असून आपल्यापासी येत नाही, ते सरत नाही. गोळी खाता का नाही तेवढं सांगा. बाकी मले काई नोको."

त्या निघून गेल्या. मग चादर खाली आली आणि काकांनी मोनालीला विचारलं, "जेवणाच्या आधी खाची का नंतर?"

मंडईपर्यंत अडीच आठवडे होते. त्यात काकांचं काय झालं ते मी कुडव्यात बसून फोनवर ऐकत होतो. रोज सकाळी सात वाजता फोन यायचा. "घेतली," आणि फोन बंद. तिसऱ्या दिवशी, "घेतली. चपला बी घेतल्या." सातव्या दिवशी, "घेतली. शेजाऱ्याले मनलं माहं कलम वापस दे. देत नाही." दहाव्या दिवशी ते फोनवर नुसते हसतच राहिले, मग म्हणाले की दाखल्यावर आपण एकसष्टचे आणि खरे त्रेसष्टचे, म्हणजे सरकारच्या हिशेबाने दोन वर्षांनी तरुण नवरदेव. गावभर ते ज्याला त्याला धरून हात डोक्यावरून कानाला लावायला सांगत होते. ओमेशचा पुरला, सरपंचाचा पुरला. ज्याचा पुरेल त्याला काका म्हणायचे, "अरे, तुहं काई खरं नाही." पाण्याच्या पाळीवर भांडणारे दोघे भाऊसुद्धा पाटावर उभे राहून कान धरत होते, असं आजी सांगत होती.

आणि मंडईचा दिवस आला. मी आणि मोनाली सकाळीच पोचलो. गाव फुललं होतं, पाळणा करकरत होता, ढोलकीवाले सूर जुळवत होते. दुर्गाबाईंच्या दुकानापुढे गर्दी होती, पण वडे खाणारे कमी आणि वाट पाहणारे जास्त. दुर्गाबाई कढईतून मान वर काढत नव्हत्या. एक घाणा जरा जास्तच लाल झाला, आणि त्यांचा घाणा कधी लाल होत नाही.

काका आले ते नव्या चपला करकर वाजवत, फेटा बांधून, मागे आजी. लोकांनी वाट दिली. काका दुकानापुढे उभे राहिले आणि आधीच नीट बांधलेला फेटा त्यांनी दोनदा सारखा केला. शेवटी त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि पुढे केली.

दुर्गाबाईंनी हात पुसले. पट्टी उलटीसुलटी करून पाहिली, रिकामी घरं मोजली. मग त्यातली त्या दिवसाची राहिलेली गोळी काढून काकांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा गिलास दिला. काकांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले.

"आ करा," दुर्गाबाई म्हणाल्या.

"लोक पाहून राहिले ना वो."

"पाहू द्या. आ करा. जीभ उचला."

भरल्या मंडईत, दोनशे माणसांसमोर माझ्या काकांनी फेट्यासकट मान मागे टाकली आणि लहान पोरासारखा मोठा आ वासला. दुर्गाबाईंनी वाकून जिभेखाली पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हाव. गेली." ढोलकीवाल्याने तिथेच थाप मारली, पोरांनी शिट्ट्या वाजवल्या, आजीने दोघांच्या डोक्यावर तांदूळ टाकले. पाट नंतर रीतसर लागला, पण गाव अजून म्हणतं, की चैतरामचं लग्न आ करून लागलं. मी त्या गर्दीत उभा राहून हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्या आईने बाबांवर नुसता भरवसा ठेवला होता, त्यांना आ कर म्हणाली नव्हती, एवढंच तिचं चुकलं होतं. मी तिथेच मोनालीसमोर हात पुढे केला. तिने पट्टा बांधला. एकशे अठ्ठेचाळीस. म्हणाली, डॉक्टरांना दाखवू, पुन्हा दोन-तीनदा मोजू, आणि मी नाही म्हटलं नाही. फॉर्मचा तो रकाना मी त्या दुपारी वड्याच्या तेलकट कागदाशेजारी बसून भरला, वडील मृत, वय अठ्ठावन्न, कारण गोळी न घेणे.

दुसऱ्या दिवशी निघताना काकांच्या घरी निरोप घ्यायला गेलो. भिंतीवरचा फोटो तसाच होता, फक्त हारासाठी वर ठोकलेल्या त्या खिळ्याला गोळ्यांची पिशवी टांगली होती. काका मला म्हणाले, चल ओमेशपर्यंत सोड. दुकानात ओमेशने त्यांना पाहताच सवयीने अठ्ठावीस दिवसांचा आकडा दाबायला घेतला.

"थांब," काका म्हणाले. "वर्साचा मार."

ओमेशने मान वर करून पाहिलं.

"दोन मार. एक दुर्गाच्या फोनवर."